जिल्हा परिषदेतून विधानसभेकडे : पक्षात काम करणाऱ्या बाईनं तिकिटाची तयारी कशी करावी

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या निम्म्या जागा 2011 पासून महिलांसाठी राखीव आहेत. गावागावांत सरपंच, पंचायत समिती सदस्य, जिल्हा परिषद सदस्य, नगरसेविका म्हणून बायका बसल्या, अंदाजपत्रक वाचायला शिकल्या, अधिकाऱ्यांशी भांडायला शिकल्या. आणि विधानसभेत? 2019 मध्ये 288 पैकी 24 महिला आमदार निवडून आल्या. 2024 मध्ये, सगळ्या पक्षांचा प्रचार लाडक्या बहिणींभोवती फिरत असताना, हा आकडा 21 वर आला. त्या निवडणुकीत महिलांचं मतदान 65 टक्क्यांच्या वर होतं, म्हणजे एकूण मतदानापेक्षा जेमतेम एका टक्क्याने कमी. मत द्यायला बायका बरोबरीने येतात. उमेदवारी देताना पक्षांना त्या दिसत नाहीत.

कारण उघड आहे. वॉर्ड किंवा गट (जिल्हा परिषदेचा मतदारसंघ) राखीव झाला की पक्षाला बाई शोधावीच लागते. विधानसभेचं तिकीट मात्र पक्षाच्या मर्जीवर असतं. म्हणून हा लेख निवडणूक लढवण्यापेक्षा पक्षाबद्दल जास्त आहे. एकदा तरी निवडून आलेल्या, किंवा चार-पाच वर्षं एखाद्या पक्षात खऱ्या अर्थाने राबलेल्या बाईसाठी तो लिहिला आहे. पक्ष कुठलाही असो. तयारीला तीन-चार वर्षं लागतात, म्हणून 2029 चा विचार असेल तर आत्ताच सुरुवात करायला हवी.

आधी स्वतःचा फोन स्वतःच्या हातात घ्या

तुमच्या शुभेच्छा फलकावर कोणाचा मोबाइल नंबर छापलेला आहे? तहसीलदार, ग्रामसेवक, पक्षाचा तालुकाध्यक्ष यांच्या फोनमध्ये तुमच्या नावासमोर कोणाचा नंबर आहे? अनेक ठिकाणी तो नवऱ्याचा, दिराचा किंवा मुलाचा असतो. काम घेऊन आलेला माणूस त्यांच्याशी बोलतो, त्यांनाच लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी जागा खुली झाली की उमेदवार म्हणून त्यांचंच नाव घेतो. तुमची पाच वर्षं दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात.

म्हणून स्वतंत्र नंबर घ्या आणि तोच सगळीकडे द्या. लेटरपॅड तुमच्या ताब्यात हवं. सही तुम्हीच करा, तीही वाचून. बैठकीला घरचं माणूस सोबत येणार असेल तर त्याने बाहेर बसावं, हे घरात आधी शांतपणे बोलून ठरवा. हे बोलणं अवघड असतं, पण टाळलं तर पुढची कुठलीच पायरी चढता येत नाही. घरचा पाठिंबा लागतोच. मुलं, म्हातारी माणसं, शेती, स्वयंपाक कोण बघणार हे ठरल्याशिवाय रोज सकाळी घराबाहेर पडता येत नाही. पाठिंबा घ्यावा, पण खुर्ची घरात वाटून देऊ नये.

नावाचा आणि जातीच्या दाखल्याचा घोळ

लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचे कागद सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. शाळेचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, मतदार यादीत तिसरंच काहीतरी. अर्जाच्या छाननीच्या दिवशी विरोधकांचे वकील नेमकं हेच शोधत असतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि गरज असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद आत्ताच करून ठेवा. मतदानयंत्रावर आपलं नाव कसं यावं हेही आत्ताच ठरवा आणि आजपासून तेच नाव फलकावर, पत्रकावर आणि भाषणात वापरा.

राखीव जागेवरून लढायचं असेल तर जातीचा दाखला माहेरच्या वंशावरून मिळतो. त्यासाठी वडील, आजोबा, चुलते यांचे जुने महसुली आणि शाळेचे पुरावे लागतात. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर त्या जिल्ह्यात खेटे घालावे लागतात. स्थानिक निवडणुकीसाठी जातीच्या दाखल्याचं वैधता प्रमाणपत्रही लागतं आणि ते वेळेत सादर झालं नाही म्हणून निवडून आलेल्या कितीतरी जणांचं सदस्यत्व गेलं आहे. स्थानिक निवडणुकीत आणखी एक अट असते: 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या मुलांमुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. विधानसभेला ही अट नाही. तिथे वय 25 पूर्ण आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की पुरतं.

बूथ

या भागावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण महिला कार्यकर्त्यांना इथूनच बाजूला ठेवलं जातं.

तिकीट वाटपाच्या बैठकीत एक शब्द सारखा ऐकू येतो, ‘इलेक्टिव्ह मेरिट’. बाईचं नाव आलं की कोणीतरी म्हणतं, चांगल्या आहेत, पण निवडून येतील का? भाषणाने या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. आकड्याने देता येतं. 2024 मध्ये राज्यात सुमारे 9 कोटी 70 लाख मतदार आणि 1 लाखाच्या आसपास मतदान केंद्रं होती. म्हणजे एका विधानसभा मतदारसंघात सरासरी साडेतीनशे बूथ आणि प्रत्येक बूथवर हजाराच्या आत-बाहेर मतदार. तुमचा गट किंवा प्रभाग हा त्यातला एक लहान तुकडा आहे. बाकीच्या बूथवर तुम्हाला कोण ओळखतं, हा खरा प्रश्न आहे.

सुरुवात फॉर्म 20 ने करा. निकालानंतर निवडणूक निर्णय अधिकारी बूथवार मतांचा जो तक्ता तयार करतात, तो हा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. मागच्या दोन विधानसभा निवडणुकांचे तक्ते छापून घ्या आणि प्रत्येक बूथ तीन रंगांत रंगवा: पक्षाला हमखास मिळणारे, हमखास न मिळणारे आणि इकडून तिकडे झुकणारे. तिसऱ्या रंगाचे बूथ ही तुमच्या पुढच्या तीन वर्षांच्या कामाची यादी.

मग मतदार यादी. पुरुष कार्यकर्ते यादी चौकात बसून तपासतात. बाई घरात जाऊ शकते, आणि यादीतल्या चुका घरातच सापडतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत असतं, सासरी गेलेल्या लेकीचं नाव इथेच राहिलेलं असतं, वारलेल्या आजीचं नाव निघालेलं नसतं. नव्या नोंदीसाठी फॉर्म 6, नाव वगळण्यासाठी 7, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी 8. आता वर्षातून चार तारखांना (1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर) 18 वर्षं पूर्ण होणाऱ्यांची नोंद होऊ शकते. नव्याने लग्न होऊन आलेली बाई आणि नुकतीच अठरा वर्षांची झालेली मुलगी, या दोघींचं पहिलं सरकारी काम तुमच्या हातून झालं तर त्या तुम्हाला विसरत नाहीत. एका बूथवर अशा पंचवीस-तीस नोंदी झाल्या तर साडेतीनशे बूथचा हिशेब तुम्हीच करून बघा.

प्रत्येक बूथवर दोन माणसं उभी करा, त्यातली एक बाई. बचत गटातल्या, निवृत्त शिक्षिका, एखाद्या आंदोलनात भेटलेल्या, कोणीही. आणि त्या बायकांची पक्षाकडून बूथ लेव्हल एजंट, म्हणजे बूथवरच्या मतदार यादीच्या कामासाठी पक्षाचा प्रतिनिधी, म्हणून अधिकृत नेमणूक करून घ्या. ही नेमणूक पक्षाच्या अधिकृत पदाधिकाऱ्याच्या सहीने होते, त्यामुळे ती मागताना पक्षाला तुमची दखल घ्यावीच लागते. एक सावधगिरी मात्र पाळा. बचत गटाची बैठक ही पक्षाची बैठक करू नका. गट सगळ्या पक्षांच्या घरांतल्या बायकांचा असतो. त्याच्या पैशात आणि कर्जात राजकारण शिरलं की गट मोडतो आणि दोष तुमच्यावर येतो.

महिला आघाडीच्या बाहेरचं पद मागा

महिला आघाडीत मैत्रिणी मिळतात, बोलायची सवय होते, जिल्हाभर ओळखी होतात. हे सगळं मोलाचं आहे. पण हळदीकुंकू, रक्षाबंधन, सभेला बायका आणणं आणि नेत्याचं औक्षण यांत दहा-दहा वर्षं गेलेल्या कार्यकर्त्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या कष्टाची नोंद पक्षात कुठेही होत नाही, कारण निर्णय घेणाऱ्या खोलीत त्या नसतात.

म्हणून मुख्य कार्यकारिणीतलं पद मागा, तेही विशिष्ट काम असलेलं: तालुका सरचिटणीस, मतदार यादी प्रमुख, बूथ समन्वयक, कोषाध्यक्ष. उपाध्यक्षपदं बरीच असतात आणि त्यांना काम नसतं. पद तोंडी मागू नका. आपण काय केलं, काय करू इच्छिता हे एका पानावर लिहून जिल्हाध्यक्षांना द्या आणि प्रत प्रदेश कार्यालयाला पाठवा. आपल्या पक्षाची घटनाही मिळवून वाचा. कार्यकारिणीत महिलांची संख्या किती असावी, उमेदवार निवडणारी समिती कशी बनते, हे तिथे लिहिलेलं असतं आणि ते वाचलेली माणसं पक्षात फार थोडी असतात.

बैठकांच्या वेळेबद्दल बोलायलाच हवं. निर्णयाच्या बैठका रात्री उशिरा, हॉटेलात किंवा कोणाच्या तरी फार्म हाउसवर होतात, आणि बाई आली नाही की ‘त्यांना रस नाही’ असं म्हटलं जातं. तालुक्यातल्या चार-पाच पदाधिकारी महिलांनी मिळून सही करून बैठक पक्ष कार्यालयात, संध्याकाळी सातच्या आत व्हावी अशी मागणी करावी. एकटीने मागितलं तर ती अडचण ठरते, पाच जणींनी मागितलं तर वेळ बदलते. तरीही रात्री जावं लागलं तर आपली गाडी, आपला चालक आणि सोबत एक कार्यकर्ती हा नियम मोडू नका.

डिसेंबर 2022 मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा आमदार आईला बाळासाठी जागा लागते हे सगळ्या राज्याला दिसलं. अहिरे आमदार होण्याआधी नाशिकच्या नगरसेविका होत्या. सभागृह असो की पक्ष कार्यालय, गरज मागितल्याशिवाय सोय होत नाही.

एका प्रश्नाशी नाव जोडलं जाऊ द्या

मृणाल गोरे 1961 साली मुंबई महापालिकेत निवडून आल्या, 1972 ला विधानसभेत आणि 1977 ला लोकसभेत. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. गोरेगावच्या नळापासून सुरू झालेलं काम त्यांनी सोडलं नाही, आणि हीच ओळख त्यांना दिल्लीपर्यंत घेऊन गेली. आजही हाच मार्ग सगळ्यात भक्कम आहे. सगळ्या प्रश्नांवर निवेदन देणाऱ्यापेक्षा एक प्रश्न पाच वर्षं धरून बसणारी लोकांच्या लक्षात राहते.

प्रश्न निवडताना दोन गोष्टी बघा. तो तुमच्या गटापुरता नको, सगळ्या मतदारसंघाला जाणवणारा हवा: एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्या, उपजिल्हा रुग्णालयात न मिळणारी प्रसूतितज्ज्ञ, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा. आणि त्यात तुमच्या हातात काही साधन असायला हवं. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी असतो. तो कशावर खर्च झाला हे माहिती अधिकारात गावोगाव मागवा. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची तरतूद आहे. ती कागदावर होते की खरोखर, हे बघा. ती खरोखर भरवली तर प्रत्येक गावात तुम्हाला सभा घ्यायला व्यासपीठ मिळतं.

केलेल्या कामाची वही ठेवा: तारीख, गाव, कोणाला पत्र दिलं, उत्तर काय आलं, काम झालं का. मुलाखतीच्या दिवशी हीच वही टेबलावर ठेवायची आहे.

पैसा

विधानसभेसाठी उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे. प्रत्यक्षात काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बाईला तिकीट नाकारताना शेवटचं कारण तेच असतं: पैसे कुठून आणणार? या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर बाकीची तयारी फोल जाते.

बहुतेक बायकांच्या नावावर जमीन नसते, घर नसतं. शेतकरी संघटनेने 1986 च्या चांदवड अधिवेशनात महिलांचा प्रश्न मध्यभागी आणला आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांनी बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावलं. त्याच चळवळीतून 1989 मध्ये, आरक्षणाच्याही आधी, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेडा इथे संपूर्ण महिला पॅनल निवडून आलं. मालमत्ता आणि सत्ता यांचं नातं त्या बायकांना तेव्हाच कळलं होतं. तुमच्या घरात हे अजून झालं नसेल तर करून घ्या.

बाकी पैसा लोकांकडून उभा करा, छोट्या रकमांत आणि बँकेतून. मतदारसंघातून पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या माणसांची यादी करा. त्यांना गावात चांगलं काही व्हावं असं मनापासून वाटतं, पण त्यांना विचारत कोणी नाही. एकाच मोठ्या देणगीदारावर अवलंबून राहिलात तर निवडून आल्यावर तो तुमच्या नावाने ठेके मागायला येतो.

मुलाखत आणि तिकीट

पक्षाचे निरीक्षक इच्छुकांच्या मुलाखती घेतात तेव्हा बहुतेक जण गाड्यांचा ताफा आणि घोषणा घेऊन जातात. तुम्ही कागद घेऊन जा. रंगवलेला फॉर्म 20, प्रत्येक बूथवरच्या दोन माणसांची नावं आणि नंबर, केलेल्या नव्या मतदार नोंदींचा आकडा, कामाची वही, खर्चाचा आराखडा. जातीचं गणित विचारलं जाईलच, त्याचंही खरं उत्तर तयार ठेवा.

‘बायका निवडून येत नाहीत’ असं कोणी म्हटलं तर ओडिशाचं उदाहरण द्या. 2019 च्या लोकसभेला बिजू जनता दलाने 21 पैकी 7 जागांवर महिला उभ्या केल्या आणि त्यातल्या 5 जिंकल्या. कायद्याने सांगितलं नव्हतं, पक्षाने ठरवलं होतं. जवळचं उदाहरण हवं असेल तर मुक्ता टिळकांचं आहे: नगरसेविका, 2017 मध्ये पुण्याच्या महापौर, 2019 मध्ये कसब्याच्या आमदार.

दोन धोके आधीच ओळखा. एक, पक्ष कधीच जिंकला नाही अशी जागा महिलेला देऊन संख्या भरली जाते. मागच्या पराभवाचा फरक आणि तिथली तुमची बूथ बांधणी बघा. फरक मोठा असेल आणि बांधणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा आणि काम केलेल्या जागेवरच हक्क सांगा. हरलेली उमेदवार हा शिक्का पुढच्या वेळी आड येतो. दोन, युती-आघाडीच्या जागावाटपात तुमचा मतदारसंघ मित्रपक्षाला जाऊ शकतो. यात तुमची काही चूक नसते, पण तयारी वाया जाते. म्हणून जागावाटपाची बोलणी सुरू होण्याआधीच प्रदेश पातळीवर आपलं नाव पोचवा. ‘पुढे विधान परिषदेवर घेऊ’ हे आश्वासन तोंडी मिळालं तर त्यावर निर्णय बेतू नका. परिषदेच्या 78 पैकी आमदारांनी निवडायच्या जागा 30 आहेत, आणि असं आश्वासन मिळालेली माणसं त्याहून कितीतरी जास्त असतात.

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवल्या. त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडलेली आहे. आजच्या 288 जागांच्या हिशेबाने त्या 96 होतात. हे आरक्षण येईल त्या दिवशी पहिली नावं कोणाची पुढे येतील? जे स्थानिक निवडणुकांत झालं तेच होईल, मतदारसंघ राखीव झालेल्या आमदाराच्या घरातल्या बाईचं. त्या दिवशी तुमच्याकडे साडेतीनशे बूथची यादी असेल तर पक्षाला तुम्हाला डावलणं जड जाईल. सीमा बदलल्या तरी बूथवरची माणसं तीच राहतात.

अर्जाचा आठवडा

हे वकिलाकडून करून घ्या, पण समजून घ्या. अनामत 10 हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 हजार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, अपक्षाला दहा. नमुना 26 मधल्या शपथपत्रात एकही रकाना रिकामा नको. नवऱ्याची मालमत्ता, कर्ज, प्राप्तिकराची माहितीही तुम्हालाच द्यायची असते, तेव्हा ती त्याच्याकडून महिनाभर आधी घ्या. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडा. एबी फॉर्म, म्हणजे तुम्हीच पक्षाच्या अधिकृत उमेदवार आहात हे सांगणारा पक्षाचा कागद, शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत पोचायला हवा. तो हातात पडेपर्यंत विश्वास ठेवू नका.

चारित्र्यावरचे हल्ले

हे होणारच असं धरून चाला. फोटो जोडून फिरवतील, घरातलं काहीतरी उकरतील. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(4) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हा भ्रष्ट मार्ग ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 175 खाली तो गुन्हाही आहे. मजकूर पुसला जाण्याआधी स्क्रीनशॉट, लिंक आणि वेळ जपून ठेवा, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि सायबर पोलिसांकडे नोंदवा. उत्तर एकदाच द्या, कागदावर, मग कामाला लागा. या काळात घरची माणसं खचतात. त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पक्षाच्या आत त्रास झाला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा सहसा उपयोगी पडत नाही. राजकीय पक्षांना तो लागू करावा ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये ऐकून घेतली नाही. तेव्हा पक्षात अंतर्गत समितीची मागणी करत राहा, पण तक्रार थेट पोलिसांत करा. लैंगिक छळासाठी न्याय संहितेचं कलम 75, पाठलागासाठी 78. पक्षाची बदनामी होईल म्हणून गप्प बसायला सांगणारा माणूस तुमचा हितचिंतक नसतो.

निकालानंतर

जिंका किंवा हरा, खर्चाचा हिशेब 30 दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्या. नाही दिला तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं, आणि पराभवाच्या धक्क्यात नेमका हाच कागद विसरला जातो. महिन्याभरात नवा फॉर्म 20 काढा आणि बूथवरच्या प्रत्येक बाईला तिच्या बूथचा आकडा स्वतः सांगा. कुठे वाढलो, कुठे घटलो, कोणत्या वस्तीत गेलोच नाही, हे तिच्याकडून ऐकून लिहून घ्या. पुढची स्थानिक निवडणूक आली की याच बायकांमधून गण (पंचायत समितीचा मतदारसंघ), गट आणि प्रभागाच्या उमेदवार निवडा आणि त्यांच्या तिकिटासाठी निरीक्षकासमोर तुम्ही बसा.